चेहऱ्याचे माप आणि माणसाची ओळख

माणूस माणसाला ओळखतो तो प्रामुख्याने चेहऱ्यावरून. या ओळखण्यात मोजमाप नसते. सहवास असतो, आठवण असते. राज्यसंस्थेला मात्र असा सहवास घडत नाही. तिला लक्षावधी माणसांतून नेमका एक माणूस शोधावयाचा असतो आणि तोही त्याला पूर्वी कधी न पाहिलेल्या शिपायाकरवी वा कारकुनाकरवी. म्हणून तिला चेहऱ्याचे रूपांतर आकड्यांत करावे लागते. विमानतळाच्या दारात, कचेरीच्या हजेरीयंत्रावर, शहराच्या चौकातील कॅमेऱ्यात हे रूपांतर आज क्षणार्धात होते आणि ते केवळ संगणकयुगाचे अपत्य आहे असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः या कल्पनेचा जनक विजेवर चालणाऱ्या कोणत्याही यंत्राविना, लाकडी मोजपट्टी, लोखंडी कंपास आणि पुठ्ठ्याची कार्डे एवढ्याच साधनांनिशी पॅरिसच्या पोलीस कचेरीत बसला होता. आल्फोंस बर्टिलॉन हे त्याचे नाव. त्याचे यश मोठे होते; त्याचे अपयश त्याहून मोठे ठरले. त्याच्या चरित्रातून आजच्या यंत्रांविषयी जेवढे शिकता येते तेवढे त्या यंत्रांच्या माहितीपत्रकांतून क्वचितच शिकता येईल.

बर्टिलॉनचा जन्म १८५३ साली पॅरिसमध्ये झाला. घराणे विद्वानांचे. वडील लुई-आदोल्फ हे वैद्य व संख्याशास्त्रज्ञ. १८५९ साली पॅरिसची मानवशास्त्र परिषद ज्यांनी स्थापन केली त्यांत त्यांची गणना होते. आजोबा आशील गियार यांनी १८५५ मध्ये लोकसंख्येच्या शास्त्राला आज सर्वत्र रूढ असलेले ‘डेमोग्राफी’ हे नाव दिले. थोरला भाऊ झाक याने पुढे मृत्यूच्या कारणांचे जे वर्गीकरण तयार केले, तेच आजच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाचे मूळ होय. अशा घरात आल्फोंस हा नापास होणारा मुलगा होता. शाळांनी त्याला काढून टाकले. इंग्लंडमध्ये शिकवण्या करून त्याने काही काळ कसाबसा काढला. लष्करातील सक्तीची सेवा पुरी केली. अखेर १८७९ साली वडिलांच्या ओळखीने पॅरिसच्या पोलीस मुख्यालयात त्याला कनिष्ठ कारकुनाची जागा मिळाली. पकडलेल्या माणसांची वर्णने कार्डांवर उतरवून काढणे हे त्याचे काम.

या कामातील निरर्थकता त्याच्या लवकरच ध्यानात आली. उंची मध्यम, चेहरा साधारण, खूण काही नाही, अशा धाटणीची वर्णने शेकडो माणसांना सारखीच लागू पडत. छायाचित्रे होती, परंतु कोणी बसून, कोणी उभे राहून, कोणी तोंड वाकडे करून काढलेली. शिवाय सर्व नोंदी आडनावाच्या अक्षरक्रमाने लावलेल्या. ज्याने नाव बदलले तो त्या कपाटातून कायमचा निसटला. फ्रान्समध्ये गुन्हेगाराला डागण्याची शिक्षा १८३२ साली रद्द झाली होती, त्यामुळे अंगावरची सरकारी खूणही उरली नव्हती. त्यातच १८७१ च्या पॅरिस कम्यूनच्या अखेरच्या धुमश्चक्रीत शहराची जन्ममृत्यूची दप्तरे जळून गेलेली. माणूस सांगेल ते त्याचे नाव, अशी स्थिती होती. जुना गुन्हेगार कोणता आणि प्रथमच चुकलेला कोणता हे ठरविता येत नसल्याने न्यायाधीशही एकाच मापाने दोघांना मोजत.

बर्टिलॉनला उत्तर सापडले ते घरच्या शास्त्रात. प्रौढ माणसाच्या हाडांची लांबी सहसा बदलत नाही आणि एका अवयवाचे माप जुळले तरी दहा-अकरा मापे एकाच वेळी जुळणारी दोन माणसे मिळणे फार दुर्मिळ असते. म्हणून उंची, पसरलेल्या हातांची लांबी, बसल्यावरची उंची, डोक्याची लांबी व रुंदी, उजवा कान, डावे पाऊल, डाव्या हाताचे मधले बोट व करंगळी, कोपरापासूनचा डावा हात अशी मापे त्याने ठरविली. मापे घेणे ही अर्धीच गोष्ट होती. खरी प्रतिभा होती ती कपाट लावण्यात. प्रत्येक माप लहान, मध्यम, मोठे अशा तीन वर्गांत वाटावयाचे आणि सीमा अशा आखावयाच्या की तिन्ही वर्गांत कार्डांची संख्या जवळपास सारखी राहावी. डोक्याच्या लांबीने तीन भाग, रुंदीने नऊ, मधल्या बोटाने सत्तावीस, पुढच्या मापाने एक्याऐंशी. याप्रमाणे हजारो कार्डांच्या ढिगातून कारकून काही मिनिटांत एका लहानशा खणापर्यंत पोहोचत असे. नावाची गरजच उरली नाही. ज्याला आज संगणकाची भाषा शोध घेणे म्हणते ते हेच.

त्याने १८७९ मध्येच आपली योजना वरिष्ठांकडे पाठविली. कनिष्ठ कारकुनाची ही तज्ज्ञगिरी पोलीसप्रमुख आंद्रिय यांना वेडेपणाची वाटली व ती बाजूला पडली. तीन वर्षांनी कामकास या नव्या प्रमुखाने वडिलांच्या स्नेह्यांच्या शब्दाखातर तीन महिन्यांची मुदत दिली. एवढ्या अल्प काळात एकच माणूस सुटून पुन्हा पकडला जाणे हाच मुळात योगायोग. परंतु तो घडला. फेब्रुवारी १८८३ मध्ये द्युपाँ असे नाव सांगणाऱ्या एका कैद्याची मापे, पूर्वी मार्तँ या नावाने नोंदलेल्या कार्डाशी तंतोतंत जुळली आणि त्या माणसाने कबुली दिली. दुसऱ्या वर्षी, १८८४ मध्ये, असे २४१ जण ओळखले गेले. १८८५ साली सराईत गुन्हेगारांना समुद्रापार गियानासारख्या वसाहतींत आजन्म धाडण्याचा कायदा झाला, तेव्हा सराईत कोण हे सिद्ध करणारे बर्टिलॉनचे कपाट हे त्या कायद्याचे प्रमुख हत्यार बनले. पुढे ओळखविभाग त्याच्या स्वाधीन झाला. १८९२ मध्ये बाँबस्फोट घडविणारा राव्हाशोल हा पूर्वी केनिगस्टाइन या नावाने नोंदलेला माणूसच आहे हे त्याच्या मापांनी दाखवून दिले आणि बर्टिलॉनची कीर्ती युरोप-अमेरिकेत पसरली.

मोजपट्टीच्या जोडीला त्याने छायाचित्रालाही शिस्त लावली. ठरावीक अंतर, ठरावीक प्रकाश, ठरावीक खुर्ची. एक चित्र समोरून, एक बाजूने. पोलिसांच्या दप्तरात आजही जगभर वापरली जाणारी ही जोडचित्रे त्याचीच देणगी. त्यापुढे जाऊन त्याने चेहऱ्याचे जणू व्याकरण रचले. नाकाचा बाक अंतर्गोल, सरळ की बहिर्गोल. कपाळाचा उतार किती. कानाची पाळी चिकटलेली की सुटी. बुबुळाच्या रंगाचे सात वर्ग. या शब्दचित्राचे धडे पोलिसांना दिले जात. छायाचित्र हाती नसतानाही केवळ शब्दांवरून रस्त्यातला माणूस हेरता यावा हा त्यामागील हेतू. डोळे, नाक, ओठ अशा खुणांमधील अंतरे मोजून संगणकाला चेहरा ओळखावयास लावण्याचा पहिला प्रयोग १९६०च्या दशकात अमेरिकेत वुडी ब्लेड्सो याने केला, तेव्हा खुणा हातानेच टिपाव्या लागत. तो बर्टिलॉनच्या कार्यशाळेचाच विस्तार होता.

येथवर या कथेत आक्षेपार्ह फारसे काही नाही. उलट, निरपराध माणूस नामसाधर्म्यामुळे अडकू नये यासाठीही मापे उपयोगी पडत. मापे न जुळणे हा पुरावा, मापे जुळण्याहून अधिक भक्कम असतो हे बर्टिलॉन जाणून होता. शिवाय त्याच काळात इटलीतील लोंब्रोझो कवटीच्या आकारावरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो असे प्रतिपादन करीत असताना, बर्टिलॉनच्या पद्धतीला त्या सिद्धांताची मुळीच आवश्यकता नव्हती. तिचा प्रश्न एकच होता : हा माणूस पूर्वी नोंदलेला तोच माणूस आहे काय? हा माणूस कसा आहे, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेरचा होता. ही मर्यादा हेच तिचे सामर्थ्य होते. बर्टिलॉनचे आणि त्याच्या पद्धतीचे अधःपतन झाले ते ही मर्यादा ओलांडल्यामुळे.

पहिले उल्लंघन त्याने स्वतः केले. १८९४ साली जर्मन वकिलातीला लष्करी गुपिते देऊ करणारे एक टिपण फ्रेंच लष्कराच्या हाती आले. संशय गेला तो कॅप्टन आल्फ्रेड द्रेफ्यू या ज्यू अधिकाऱ्यावर. बँक ऑफ फ्रान्सच्या हस्ताक्षरतज्ज्ञाने निःसंदिग्ध निर्वाळा देण्याचे टाळले, तेव्हा बर्टिलॉनला विचारण्यात आले. हस्ताक्षर हा त्याचा विषय नव्हे. तरीही त्याने टिपण द्रेफ्यूचेच असल्याचा निर्णय दिला आणि त्याच्या समर्थनार्थ एक विलक्षण सिद्धांत रचला : अक्षर जेथे जुळते तेथे ते द्रेफ्यूचे आहे म्हणून जुळते, आणि जेथे जुळत नाही तेथे द्रेफ्यूने आपल्याच अक्षराची बनावट नक्कल केली म्हणून जुळत नाही. साम्य हा पुरावा आणि भेद हाही पुरावा. अशा तर्कापुढे कोणताही आरोपी निर्दोष ठरूच शकत नाही. डिसेंबर १८९४ मध्ये द्रेफ्यूला जन्मठेप झाली व त्याची रवानगी डेव्हिल्स आयलंडवर झाली. टिपण एस्तरहाझी या दुसऱ्याच अधिकाऱ्याचे होते. बर्टिलॉन मात्र आपल्या आकृत्या व कोष्टके घेऊन वर्षानुवर्षे तेच सांगत राहिला. अखेर १९०४ मध्ये आंरी प्वांकारे, दार्बू व आपेल या गणितज्ञांनी त्याचे गणित मुळातूनच निराधार असल्याचे दाखविले आणि १९०६ साली द्रेफ्यू निष्कलंक ठरला. एका माणसाची बारा वर्षे गेली. जो समाज ज्यू माणसाविषयी आधीच साशंक होता त्याला शास्त्राच्या भाषेत आधार मिळाला, हे या प्रकरणातील बर्टिलॉनचे योगदान. मोजपट्टी निःपक्ष असेल. ती धरणारा हात निःपक्ष असतोच असे नाही.

दरम्यान त्याच्या पद्धतीला प्रतिस्पर्धी निर्माण झाला होता, आणि तो घडला हिंदुस्थानात. बंगालच्या पोलीस खात्याने १८९०च्या दशकाच्या आरंभी बर्टिलॉनची मापे स्वीकारली. परंतु एकाच माणसाची मापे दोन शिपायांनी घेतली तर ती वेगळी येत. एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली काझी अझिझुल हक व हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांनी बोटांच्या ठशांची वर्गीकरणपद्धती सिद्धीस नेण्यात मोठा वाटा उचलला. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला. पद्धतीला नाव मात्र हेन्री यांचेच मिळाले. बर्टिलॉनने ठसे नाकारले नाहीत. कार्डावर एका कोपऱ्यात त्यांना जागा दिली. १९०२ मध्ये पॅरिसमधील एका खुनाचा उलगडा त्याने काचेवरील ठशांवरूनच केला. परंतु कपाट मापांनुसार लावलेले ते लावलेलेच राहिले. १९११ च्या ऑगस्टमध्ये लूव्र संग्रहालयातून मोनालिसाचे चित्र चोरीस गेले. काचेवर अंगठ्याचा ठसा होता. चोर पेरुजा याची नोंद पोलिसांकडे पूर्वीपासून होती. तरी ठशावरून कार्डापर्यंत जाण्याची वाटच नसल्याने ती नोंद असून नसल्यासारखी झाली. चोर सापडला तो दोन वर्षांनी, फ्लॉरेन्समध्ये चित्र विकावयास गेल्यावर.

दुसरे उल्लंघन राज्यसंस्थेने केले आणि त्याची किंमत मूठभर नव्हे, हजारो माणसांनी मोजली. जुलै १९१२ मध्ये फ्रान्सने भटक्या लोकांसाठी कायदा केला. स्थिर पत्ता नसलेल्या अशा प्रत्येकाजवळ मापांची पुस्तिका असलीच पाहिजे. तीत उंची, डोक्याची मापे, कान, बोटे, ठसे आणि दोन बाजूंची छायाचित्रे. तेरा वर्षांवरील मुलांनाही यातून सूट नव्हती. प्रत्येक गावात येताना व तेथून जाताना तीवर शिक्का घ्यावयाचा. कायद्यात कोणत्याही जमातीचे नाव नव्हते. परंतु त्याचा रोख जिप्सी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रोमा लोकांवर होता हे सर्वांना ठाऊक होते. जी मापे पूर्वी पकडलेल्या माणसाची घेतली जात ती आता काहीही न केलेल्या माणसाची, तो एका समूहात जन्मला एवढ्याच कारणासाठी, घेतली जाऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात याच लोकांच्या संचारास बंदी झाली आणि अनेकांना छावण्यांत डांबण्यात आले. कोण कोठे आहे याच्या याद्या सरकारजवळ तयारच होत्या. हा कायदा रद्द व्हावयास १९६९ साल उजाडावे लागले.

महाराष्ट्राला हे वर्णन अपरिचित वाटू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात हेच केले होते आणि १९११ च्या कायद्याने नोंदलेल्या जमातींच्या माणसांचे ठसे केव्हाही घेण्याची मुभा मिळाली. पारधी, कैकाडी यांसारख्या जमातींनी हजेऱ्या दिल्या, परवाने बाळगले. सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारेचे कुंपण हे त्या धोरणाचे दृश्य रूप. १९५२ साली कायदा देशभर रद्द झाला व हे लोक विमुक्त म्हणविले गेले. नोंद पुसली तरी नोंदीने निर्माण केलेला संशय पुसला गेला नाही. पॅरिसच्या मानवशास्त्रज्ञांकडून मोजणीचे तंत्र घेऊन हर्बर्ट रिस्ले यांनी बंगालमध्ये नाकांची मापे घेतली व नाकाच्या रुंदीवरून जातीचे सामाजिक स्थान सांगण्यापर्यंत मजल मारली, तोही याच वृत्तीचा आविष्कार. त्याला छेद देणारे उदाहरणही मराठी माणसाला जवळचे आहे. बर्लिनमध्ये कवट्यांचा अभ्यास करणाऱ्या इरावती कर्वे यांनी, कवटीच्या विषमतेत वंशावंशांत भेद असतो ही आपल्या मार्गदर्शकाची अपेक्षा मापांनी सिद्ध होत नाही असा निष्कर्ष निर्भयपणे मांडला. साधन तेच, मापेही तशीच; फरक होता तो उत्तर आधीच ठरवून मोजावयाचे की नाही यात.

बर्टिलॉन १९१४ च्या फेब्रुवारीत मरण पावला. अखेरीस त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. द्रेफ्यूविषयीची आपली चूक त्याने जाहीरपणे कबूल केली नाही. थोड्याच वर्षांत त्याची मोजपट्टी अडगळीत गेली. तिची कल्पना मात्र जिवंत राहिली आणि आता ती अधिक समर्थ रूपाने परतली आहे. आजचे यंत्र चेहऱ्याचे काही शे आकड्यांत रूपांतर करते आणि दोन चेहऱ्यांच्या आकड्यांतील अंतर मोजते. अंतर किती कमी असल्यास दोघे एकच समजावयाचे, ही रेषा मात्र माणूसच आखतो. बर्टिलॉनच्या कैद्याला मोजपट्टीपुढे उभे करावे लागे. आज मोजल्या जाणाऱ्याला आपण मोजले गेलो याची वार्ताही नसते.

या ठिकाणी साधे त्रैराशिक उपयोगी पडते. एखाद्या स्थानकातून दिवसाला एक लाख माणसे जातात आणि त्यांत दहा संशयितांचा शोध घ्यावयाचा आहे असे समजा. यंत्र हजारात एकदाच चुकते असे धरले, तरी दिवसाला सुमारे शंभर निरपराध माणसे संशयित ठरतील आणि खरे संशयित सापडले तरी दहाच. हातातील पत्रावरचे चित्र व समोरचा माणूस एकच आहे काय हे पाहणे आणि लाखांच्या गर्दीत कोणाशी तरी जुळणारा चेहरा शोधणे, ही दोन कामे अगदी भिन्न आहेत. पहिल्यातील अचूकतेची ग्वाही दुसऱ्यासाठी चालत नाही. चुकाही सर्वांच्या वाट्यास सारख्या येत नाहीत. जॉय ब्युओलम्विनी व टिमनिट गेब्रू यांनी २०१८ साली व्यापारी कंपन्यांची तीन यंत्रे तपासली. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष एवढेच सांगावयाचे असताना गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकांचे प्रमाण फार तर ०.८ टक्का होते. सावळ्या व काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. २०२० साली अमेरिकेच्या डेट्रॉइट शहराच्या पोलिसांकडून एका कृष्णवर्णीय गृहस्थाला यंत्राने चुकीचा चेहरा जुळविल्यामुळे अटक झाली व सुमारे तीस तास कोठडीत काढावे लागले. द्रेफ्यूच्या वेळी तज्ज्ञ चुकला. येथे तज्ज्ञाच्या जागी यंत्र होते एवढेच.

भारतात १९२० चा कैदी-ओळख कायदा जाऊन २०२२ साली नवा कायदा आला. त्यातील मध्यवर्ती शब्द आजही ‘मापे’ हाच आहे; त्यात ठसे, छायाचित्रे, बुबुळ आणि शरीरातील नमुनेही येतात आणि नोंदी पंचाहत्तर वर्षे जपता येतात. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटल्यास त्याची नोंद नष्ट करण्याची तरतूद कायद्यात आहे. परंतु कागदावरील तरतूद आणि दप्तरातील वस्तुस्थिती यांतील अंतर कचेरीत काम करणाऱ्या कोणालाही सांगावयास नको. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. त्या हक्काची खरी परीक्षा अशा दप्तरांतच होणार.

गुन्हेगार ओळखला जाऊ नये असे कोणीही म्हणणार नाही. नाव बदलून फसविणाऱ्याला शोधणारा तरुण बर्टिलॉन समाजाचे हितच करीत होता. त्याच्या चरित्रातून निघणारी पथ्ये मात्र कसोशीने पाळली पाहिजेत. यंत्राने जुळविलेला चेहरा ही चौकशीची सुरुवात असावी, शेवट नव्हे. जे जुळत नाही त्यालाही जुळल्याइतकेच महत्त्व मिळावे. चूक दाखविण्याचा व नोंद पुसून घेण्याचा मार्ग सामान्य माणसाला खुला असावा. आणि चेहऱ्यावरून जात, धर्म, वृत्ती वा भावी वर्तन ताडण्याच्या कोणत्याही योजनेला, ती कितीही शास्त्रीय भाषेत आली तरी, दारातच अडवावे. हा तोच माणूस आहे काय, हे माप सांगू शकते. तो कसा माणूस आहे, हे त्याच्या कृतीवरूनच ठरवावे लागते. आणि तो कोणत्या समूहात जन्मला यावरून तर ते कधीच ठरत नाही.